घरपट्टीच्या बिलावरून कराचा न्याय कसा तपासावा

मार्चअखेर जवळ आली की सोलापुरात घरपट्टीचा विषय निघतो आणि बोलणे बहुधा दोनपैकी एका टोकाला जाऊन थांबते. कर म्हणजे लूट, असे एक जण म्हणतो. कर म्हणजे कर्तव्य, त्यात विचारायचे काय, असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोघेही तपासणी टाळतात. एखादा कर आपल्या स्वातंत्र्याशी सुसंगत आहे की नाही हे त्या कराला प्रश्न विचारूनच कळते आणि ते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे येथे सांगायचे आहे. त्यासाठी घरपट्टीचे ताजे बिल, घरात कोणी नोकरी करत असल्यास त्याची पगारचिठ्ठी, एक कोरा कागद आणि मतभेद झाले तरी ज्यांच्याशी संबंध बिघडणार नाहीत अशी दोन-तीन माणसे एवढे पुरेसे आहे.

सुरुवात आकड्यापासून करू नये, मालकीपासून करावी. कागदावर पहिला प्रश्न लिहावा : माझ्या कमाईतले माझे किती? श्रमाच्या कमाईवरचा कर हा सक्तीच्या मजुरीच्याच जातीचा आहे, असे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये मांडले. हा विचार झटकून टाकण्यासारखा नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागासमोर दिवस दिवस उभा राहणारा कामगार पाहिला, की त्याच्या घामातला वाटा त्याला न विचारता घेणे ही किती गंभीर गोष्ट आहे हे समजते. पण त्याच यंत्रमागावरची चादर बाजारात जाते ती सार्वजनिक रस्त्याने. खरेदीदाराने पैसे बुडवले तर दाद मागायची ती न्यायालयात. आणि ‘सोलापुरी चादर’ या नावाचा गैरवापर रोखता येतो तो भौगोलिक मानांकनाच्या कायद्यामुळे. ही सारी व्यवस्था करातून चालते, म्हणून करापूर्वीची संपूर्ण कमाई केवळ माझ्या एकट्याच्या कर्तृत्वाची आहे, हे म्हणणे टिकत नाही. मात्र त्यावरून सगळी कमाई मुळात सरकारची आणि हाती उरते ती सरकारची कृपा, असा निष्कर्षही निघत नाही. या पायरीवर मी एवढेच ठरवतो, की कारण सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे, देणाऱ्याची नाही. आपल्या संविधानाची भूमिकाही अशीच दिसते : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता वा वसूल करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो.

यानंतर बिलाची फोड करावी. सामान्य कर, मलप्रवाह कर, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशी शीर्षे असतात; आपल्या बिलावर जी असतील ती एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर पैसा अखेर कोणाकडे जातो ते लिहावे. राज्याचा शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी उपकर महापालिका फक्त गोळा करते. तो जातो राज्याच्या तिजोरीत. त्या रकमेबद्दल झोन कार्यालयातल्या लिपिकावर आवाज चढवणे अन्यायाचे आहे. कर आणि सेवेचे शुल्क हा भेदही येथेच करावा. पाणी पुरेसे मिळत नसेल, तर पाण्याच्या आकारणीविरुद्धचा युक्तिवाद मला थेट करता येतो. वृक्ष कर भरला म्हणून माझ्याच दारात झाड लागले पाहिजे, असा आग्रह मात्र धरता येत नाही, कारण कर हा सामाईक कामासाठी असतो. आकारणीचा पायाही पाहावा : जेथे भाडेमूल्यावर कर लागतो तेथे वर्षाला मिळू शकणाऱ्या भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. नोंदलेले क्षेत्रफळ किंवा वापराचा प्रकार चुकीचा असेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता भार. येथे रुपयांऐवजी दिवस मोजावेत, कारण स्वातंत्र्याचे माप पैशापेक्षा वेळेत अधिक स्वच्छ दिसते. पगारचिठ्ठीवरचा व्यवसाय कर घ्या. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर सूट आहे. टॉवेलच्या कारखान्यात १२,००० रुपयांवर काम करणारा कामगार महिन्याला २६ दिवस राबतो असे धरले, तर त्याची दिवसाची कमाई सुमारे ४६२ रुपये होते आणि व्यवसाय करापायी त्याचे जवळजवळ साडेपाच दिवस जातात. महिना १ लाख मिळवणाऱ्याचा एक दिवसही पूर्ण जात नाही. याचे कारण अनुच्छेद २७६ मध्ये आहे, ज्याने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. सरकारचा हात रोखणारी ही तरतूद वरच्या पगारदाराला सर्वांत जास्त सांभाळते, हे मला फार बोचते. स्वातंत्र्यरक्षणाच्या प्रत्येक तरतुदीला ती नेमकी कोणाचे रक्षण करते, असे विचारले पाहिजे.

तरीही याच कराचा इतिहास मला त्याच्या बाजूने उभे करतो. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला, लोक खडी फोडायला गेले, आणि त्या अनुभवातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातला पगारदार गावातल्या बेकार मजुराच्या कामाचा खर्च उचलतो, ही त्यामागची कल्पना होती. उपाशी माणसाला हवे ते करण्याची मुभा कागदावर कितीही असली, तरी सावकाराचा शब्द मोडण्याची ताकद त्याच्यात नसते. काम मिळण्याचा हक्क त्याला ती ताकद देतो. माझे काही दिवस जाऊन दुसऱ्याचे स्वातंत्र्य वाढत असेल, तर ते कारण मी मान्य करतो.

मात्र पैसा खरोखर तेथे पोहोचतो का, हे वेगळे तपासावे लागते. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता : सरकारचा महसूल बव्हंशी कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आपल्याच शहरातल्या विडी कामगार स्त्रियांचे उदाहरणही घ्यावे. १९७६ च्या कायद्याने विडीवर बसवलेला उपकर त्यांच्या दवाखान्यासाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी राखलेला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीवरचा कर राहिला, पण त्याचे त्या स्त्रियांशी असलेले बांधलेले नाते तुटले. कराचे नाव, त्याचे कारण आणि त्याचा खर्च या तिन्हींत अंतर पडते का, ते आपल्या यादीत खूण करून ठेवावे.

संमतीचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेतो, कारण तो सर्वांत अवघड आहे. मी स्वतः या करावर सही केलेली नाही. माझी संमती माझ्या प्रतिनिधीमार्फत गेली, असे आपण मानतो. पण मार्च २०२२ मध्ये सोलापूर महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. अंदाजपत्रकही त्याच काळात प्रशासकानेच मंजूर केले. कायद्याने ते चालते. नैतिक दृष्टीने मात्र त्या वर्षांतील आकारणीचा पाया मला कमकुवत वाटतो, अधिकारी प्रामाणिक असले तरीही. याच गावाने १९३० मध्ये, मिठाचा सत्याग्रह देशभर पेटलेला असताना, नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढवला, शिंदीची झाडे तोडून सरकारच्या अबकारी उत्पन्नावर घाव घातला, लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फासावर जाताना पाहिले. ज्या सत्तेला मत देऊन बदलता येत नव्हते तिला महसूल नाकारणे हा तेव्हा उरलेला मार्ग होता. आज निवडणूक, हरकत आणि न्यायालय हे मार्ग उपलब्ध असताना कर थकवणे त्या सत्याग्रहाच्या पंक्तीला बसत नाही, असे माझे ठाम मत आहे. थकबाकीचा भार अखेर वेळेवर भरणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो.

शेवटी सक्तीचे प्रमाण पाहावे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे १०,००० रुपयांवर वर्षाला २,४०० रुपये. हा दर मला जाचक वाटतो, आणि तीच शास्ती पुढे अभय योजनेत माफ होते तेव्हा दंड भीतीपुरता होता की न्यायासाठी, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून जी रक्कम वादात नाही ती मुदतीत भरावी. उरलेल्या शीर्षाबद्दल नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. तीत क्षेत्रफळ, वापर किंवा दर यांपैकी नेमके काय चुकले ते लिहावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. एखाद्या शीर्षाखाली किती जमा झाले आणि किती खर्च झाले, हे माहिती अधिकारात विचारता येते : अर्जाला १० रुपये शुल्क लागते, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. पहिला अर्ज ज्या शीर्षाचे कारण आपल्याला पटले त्याचाच करावा. पटलेल्या कारणाचा पैसा कुठे गेला हे विचारताना आपला स्वार्थ आड येत नाही.