मिठाच्या पाकिटावर तारीख टाका: घरातलं मीठ कमी कसं करावं

आम्ही राहतो ठाणे पूर्वेला, मीठबंदर रोडजवळ. पत्त्यातच मीठ. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ किती खाता?" तर सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "बेताचंच." बीपी होतं १५८/९६. बेताचं म्हणजे नेमकं किती, हे घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मिठाचं एक किलोचं नवं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभरात पोटात जाणारं सगळं मीठ धरून. चार माणसांच्या घरात या हिशेबाने किलोभर मीठ ५० दिवस पुरायला हवं. आमचं २७ दिवसांत संपलं! भाज्या धुवायला थोडं गेलं असेल, पण पापड, लोणचं आणि बाहेरचं खाणं या हिशेबात आलेलंच नाही.

जास्तीच्या मिठाने होतं काय? सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षं तो तसाच राहिला की हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या भोगतात. लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, त्यामुळे मूतखड्याचा धोका वाढतो. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळत नाही, डोकं वगैरे दुखतंच असं नाही. म्हणून पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीला टेकवून ते मोजायचं.

आता बरणीकडे वळा. सासूबाई मीठ हाताने घालतात. त्यांची 'चिमूट' मी एकदा वजनकाट्यावर टाकायला लावली. बोटं तीन नाहीत, पाच! काटा ४ ग्रॅमवर थांबला. आमटीत अशा दोन, भाजीत एक, कणकेत एक. तेव्हापासून बरणीत अर्ध्या मापाचा छोटा चमचा ठेवलाय आणि हात घालायला बंदी आहे. (पहिले चार दिवस बरीच कुरकुर झाली.)

कपात भाजीपासून सुरू करू नका, तिथे लगेच पकडले जाल. आधी भातातलं मीठ बंद करा, मग कणकेतलं. आमटी-भाजीबरोबर खाताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आमटीतलं मीठ दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि नंतर बाहेरचं जेवण खारट लागायला लागतं. तोवर लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांनी वेळ निभावते. कोकमाचं आगळ मात्र जपून, त्यात मीठ असतंच. कोशिंबिरीत मीठ पानं वाढताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, चव त्या पाण्यात जाते आणि पुन्हा वरून मीठ घातलं जातं. खारा बांगडा करणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा.

खरी मेख बाहेरच्या खाण्यात आहे. स्टेशनबाहेरच्या वडापावात वडा, पाव, सुकी चटणी आणि वर मीठ लावलेली तळलेली मिरची, सगळ्यांत मीठ. पाकिटबंद पदार्थावर सोडियम मिलीग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला ४०० ने भागा, म्हणजे मिठाचे ग्रॅम मिळतात. ८०० सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते आधी बघा, फसगत तिथेच होते. बिस्किटं आणि पाव गोड किंवा फिके लागले तरी त्यांत सोडियम असतं, खाण्याच्या सोड्यातही असतं.

"आम्ही सैंधव वापरतो" असं आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत ऐकू येतं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, बीपीच्या हिशेबात फारसा फरक नाही. कमी सोडियमचं मीठ ही गोष्ट वेगळी, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. ते लोक बहुतेक आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले होते. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

मीठ एकदम बंदही करू नका. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं सोडियम घसरू शकतं, मग ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं. जुलाब झाले तर ओआरएस द्यायचंच, तिथे मिठाचा हिशेब करत बसायचं नाही. आणि मीठ कमी केलं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

आमचं पुढचं पाकीट ४१ दिवस चाललं. सासूबाईंची गोळी चालूच आहे. लोणच्याची बरणी अजून टेबलावरच असते, तिच्याबद्दल बोलणी सुरू आहेत.