मराठी मजकुरातील ओळीतले सूत्र एडिटरला अचूक ओळखू येण्यासाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताच्या टिपणी तयार करणारे अनेक शिक्षक आता मार्कडाउन किंवा ऑर्ग मोड यांसारख्या, साध्या मजकुरातच खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीकडे वळू शकतात, कारण फाइल लहान राहते आणि ती कोणत्याही संगणकावर उघडते. अडचण येते ती वाक्याच्या मधोमध लिहिलेल्या सूत्रांची. स्वतंत्र ओळीवर मांडलेले सूत्र एडिटर सहसा चुकवत नाही. ओळीतले सूत्र मात्र दोन डॉलर चिन्हांमध्ये असते, आणि प्रत्येक डॉलर चिन्ह सूत्राचेच असते असे नाही.

उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडवलेले एक प्रसिद्ध समीकरण टिपणीत असे लिहिता येईल:

`समीकरण $६१क^२ + १ = य^२$ असेल, तर $क$ची सर्वांत लहान धन पूर्णांक किंमत २२,६१,५३,९८० येते.`

या एका ओळीत मुख्य प्रश्न दडलेला आहे. पहिले सूत्र संपल्यावर मोकळी जागा आहे, म्हणून एकेरी डॉलर मानणाऱ्या साधनांत ते ओळखले जाते. दुसऱ्या सूत्राला ‘ची’ हा प्रत्यय चिकटलेला आहे. ऑर्ग मोडचा नियम असा आहे की बंद करणाऱ्या डॉलरनंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा संयोगचिन्ह असले पाहिजे. त्यामुळे तेथे `$क$ची` हे सूत्र न ठरता जसेच्या तसे छापले जाते. पॅनडॉक या फाइलींचे रूपांतर करणाऱ्या साधनाच्या मार्कडाउनमध्ये अशी अट नाही. तेथे उघडणाऱ्या डॉलरच्या लगेच उजवीकडे आणि बंद करणाऱ्या डॉलरच्या लगेच डावीकडे मोकळी जागा नसावी, आणि बंद करणाऱ्या डॉलरनंतर लगेच अंक नसावा, एवढेच पाहिले जाते, म्हणून तोच मजकूर तेथे नीट उमटतो. इंग्रजीत सूत्राला प्रत्यय क्वचितच चिकटतो. मराठीत मात्र ‘ने’, ‘ला’, ‘च्या’, ‘पेक्षा’ यांच्याशिवाय गणिताचे वाक्यच पुढे सरकत नाही. म्हणून मराठी लिहिणाऱ्याने आपले साधन बंद करणाऱ्या चिन्हानंतर काय मागते, हे सर्वांत आधी तपासावे.

ऑर्ग मोडमध्ये यावर दोन उपाय आहेत. `$क$-ची` असे संयोगचिन्ह घालता येते, पण ते छापील पानावरही दिसते आणि मराठी लेखनाला शोभत नाही. त्यापेक्षा `\(क\)ची` असे लिहावे, कारण या जोडीत उघडणारे आणि बंद करणारे चिन्ह वेगवेगळे असल्याने पुढच्या अक्षराकडे पाहण्याची गरजच उरत नाही. मॅथजॅक्स हे वेबपानावर सूत्रे दाखवणारे साधनही मूळ मांडणीत ओळीतल्या सूत्रासाठी हीच जोडी ओळखते, आणि एकेरी डॉलर हवा असल्यास तो मुद्दाम सुरू करावा लागतो. पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये मात्र हा उपाय थेट चालणार नाही, कारण तेथे कंसाआधीचा बॅकस्लॅश म्हणजे ‘हा साधा कंस समज’ एवढाच अर्थ होतो. त्यासाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. एकच फाइल दोन्ही साधनांतून न्यायची असेल, तर कोणती जोडी वापरायची हे लेखन सुरू करण्यापूर्वीच ठरवणे हिताचे आहे.

ज्यांना स्वतःच्या एडिटरसाठी ओळख-नियम लिहायचा आहे, त्यांनी आधी तपासणीचा क्रम ठरवावा. कोड म्हणून उलट्या अवतरणचिन्हांत ठेवलेला मजकूर प्रथम बाजूला काढावा, मग `\$` असे लिहिलेले खरे डॉलर, त्यानंतर `$$` ची जोडी, आणि मग एकेरी डॉलर पाहावा. तिरप्या आणि ठळक अक्षरांचा नियम या सर्वांनंतर लावावा. तो आधी लावला तर `$अ_१ + अ_२$` यासारख्या सूत्रातील अधोरेखा तिरप्या अक्षरांची खूण समजली जाऊन सूत्र मोडण्याचा धोका राहतो. मजकूर रिकाम्या ओळींवर तोडून एकेका परिच्छेदावर काम करावे, म्हणजे बंद करायचा राहिलेला एखादा डॉलर पुढचे सारे पान गिळणार नाही. कोड आणि `$$` च्या जोड्या वगळल्यानंतर एकेरी डॉलरसाठी पुढील रेगेक्स (मजकुरातील ठरावीक नमुना शोधणारी चिन्हरचना) पुरते:

`(?<![\\$])\$[^$ ]([^$]*[^$ \\])?\$(?![0-9०-९$])`

शेवटच्या कंसात इंग्रजी आणि देवनागरी असे दोन्ही अंक मुद्दाम लिहिले आहेत. बंद करणाऱ्या डॉलरनंतर अंक नसावा ही अट रकमांसाठी असते. रावेर-यावल भागातील केळीच्या निर्यातीविषयी कोणी `दर $५-$६ राहिला` असे लिहिले, तर नियम फक्त इंग्रजी अंक ओळखत असल्यास ‘५-’ हेच सूत्र ठरेल. अंकासाठीचे `\d` हे तयार चिन्ह वापरण्याचा मोह होतो, पण तेही सर्वत्र सारखे वागत नाही: पायथनमध्ये ते साध्या मजकुरातले देवनागरी अंक धरते, जावास्क्रिप्टमध्ये मात्र केवळ इंग्रजी अंक धरते. त्याचप्रमाणे शब्दाची सीमा शोधणारे `\b` हे तयार चिन्हही देवनागरीसाठी वापरू नये; जावास्क्रिप्ट देवनागरी अक्षरांना शब्दाचा भाग मानतच नाही, आणि पायथन काना-मात्रा वगळते. लेखकाच्या बाजूने पाहिले तर रक्कम लिहिताना ‘५ ते ६ डॉलर’ असे शब्दांत लिहिणे सर्वांत निर्धोक आहे.

चलासाठी देवनागरी अक्षर वापरायचे असल्यास क, य, अ अशी सुटी अक्षरे घ्यावीत. सूत्रात प्रत्येक वर्ण स्वतंत्र धरला जात असल्याने जोडाक्षर फुटून हलन्तासह दिसण्याची शक्यता असते.

नियम तयार झाल्यावर एक छोटी चाचणी-फाइल ठेवावी आणि नियमात बदल केला की ती पुन्हा चालवावी. तिच्यात निदान पुढील ओळी असाव्यात. वरच्या रेगेक्सने पहिल्या दोन ओळींत प्रत्येकी एक सूत्र सापडले पाहिजे आणि उरलेल्या तिन्हींत एकही सापडता कामा नये.

`$क$पेक्षा मोठी संख्या`
`किंमत \$५ असून $क = ५$ धरू`
`दर $५-$६ राहिला`
`दर $५ किंवा $ ६ राहिला`
`एकटा $ आणि पुढे काहीच नाही`