डॅकमधून निस्ती खरखर येऊन राह्यली? बोर्ड बदलायच्या आधी या चुका टाळा

आमच्या गावच्या प्रार्थना मंदिरात सामुदायिक प्रार्थनेचं रेकॉर्डिंग लावायचं होतं, म्हणून ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाले पीसीएम५१०२ए चिपचा जांभळा डॅक बोर्ड (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल बनवणारा) जोडला, अन् स्पीकरमधून निस्ती खरखर. मले वाटलं बोर्डच गेला, नागपूरहून दुसरा मागवला, पाच दिवस वाट पाहिली, त्याचंबी तेच. दोन्ही बोर्ड चांगले होते भाऊ, एससीके, म्हणजे सिस्टीम क्लॉकची पिन मोकळी सोडली होती एवढंच.

या चिपले सिस्टीम क्लॉक लागतो. तो तुम्ही बाहेरून देत नसाल तर एससीके ग्राउंडले जोडा, मग चिप बीसीकेवरून (एकेका बिटचा क्लॉक) आतल्या आत स्वतःच क्लॉक बनवते. पिन लोंबकळत राह्यली की आजूबाजूचा नॉइजच तिले क्लॉक वाटतो. बऱ्याच बोर्डांवर एससीकेजवळ दोन छोटे पॅड असतात, तिथं सोल्डरचा थेंब टाकला की झालं.

आता बोर्ड पालटा. मागच्या सोल्डर पॅडांपैकी ३ नंबर एच (हाय) वर पाहिजे, नाहीतर चिप म्यूटच राहते. ४ नंबर एल (लो) वर, म्हणजे आयटूएस, आवाजाचा डेटा पाठवायची एक पद्धत. तो एच वर गेला तर चिप लेफ्ट-जस्टिफाइड ही दुसरी पद्धत समजून वाचते, अन् आयटूएसमध्ये डेटा एलसीके (डावा-उजवा चॅनल सांगणारा क्लॉक) बदलल्यावर एक बीसीके उशिरा सुरू होतो, त्यामुळं सगळे बिट एका घरानं सरकतात, प्लस-मायनस ठरवणारा पहिला बिटच चुकीच्या जागी पडतो अन् भजन पार फाटून ऐकू येते.

आवाज साफ आहे पण गाणारा घाईत, पातळ आवाजात गाऊन राह्यला असं वाटलं, तर सेकंदाला ४४१०० सॅम्पलची फाइल ४८००० वर चालू आहे, कोडमधला सॅम्पल रेट पाहा.

ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ पिना फक्त इनपुटच्या, तिथं क्लॉक जोडू नका. वायरी वीतभरापेक्षा कमी ठेवा, ४४१०० वर ३२ बिटचे दोन चॅनल म्हणजे बीसीके २८ लाख हर्ट्झच्या वर जातो, अन् ग्राउंडची वायर सोबतच न्या.

एसपीआय या दुसऱ्या जोडणीवाला एमसीपी४९२२ डॅक असंल तर सीएस (चिप निवडायची पिन) पूर्ण १६ बिट गेल्यावरच वर करा. दोन्ही चॅनल एकाच वेळी बदलायचे असतील तर एलडॅक (आउटपुट बदलायची पिन) वर ठेवून दोन्ही लिहा, मग एकदाच खाली करा.

खेड्यात ऑसिलोस्कोप कुठून आणणार, पण मल्टीमीटर तर हाय ना. रेकॉर्डिंग चालू असताना डीसी व्होल्टवर बीसीके अन् एलसीके मोजा, दोन्हीकडं अंदाजे १.६ दिसलं म्हणजे क्लॉक चालू आहे. शून्य किंवा ३.३ वर ठाम बसला असंल तर गडबड कोडात नाहीतर वायरीत.