सपोर्टच्या छोट्या स्क्रिप्ट: या चुका टाळा

टेक सपोर्टमध्ये दोन-तीन वर्षं काढली की प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हमध्ये छोट्या स्क्रिप्टचं, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलींचं, एक फोल्डर आपोआप साठतं. टेम्प फाइली साफ करणारी बॅच फाइल (विंडोजची साधी स्क्रिप्ट), प्रिंटर अडकला की स्पूलर (छपाईची रांग) मोकळा करणाऱ्या चार ओळी, रोजचा बॅकअप. माझी फिरती पेठांमधली सीए ऑफिसं, मार्केट यार्डातले गाळे, कोथरूडचे दवाखाने अशी असते. हे फोल्डर नसतं तर अर्धा दिवस तेच ते क्लिक करण्यात गेला असता. पण अशी स्क्रिप्ट बिघडते तेव्हा तिचं लॉजिक क्वचितच चुकलेलं असतं. ती कुठून चालली, कोणाच्या नावाने चालली आणि किती वाजता चालली, इथेच घोडं पेंड खातं.

कुठून चालली?

आधी माझीच चूक सांगतो. एका ऑफिसात डी ड्राइव्हवरच्या स्कॅन फोल्डरमधल्या जुन्या फाइली रोज हाताने काढाव्या लागत. मी दोन ओळी लिहिल्या: 'सीडी'ने त्या फोल्डरमध्ये जा आणि 'डेल'ने न विचारता सगळं उडव. माझ्या लॅपटॉपवर चोख चाललं, कारण माझी कमांडची काळी खिडकी मुळात डी ड्राइव्हवरच उघडलेली होती. तिथे परवानगीची कटकट नको म्हणून राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं. काळ्या खिडकीत 'ॲक्सेस इज डिनाइड'च्या ओळी धडाधड धावायला लागल्या आणि मागोमाग दिसलं की आपण सिस्टिम३२ फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत उभे आहोत.

ॲडमिन म्हणून चालवलेली बॅच फाइल सिस्टिम३२मध्येच सुरू होते. वर नुसतं 'सीडी' ड्राइव्ह बदलत नाही, त्याला मागे 'स्लॅश डी' लागतो. वाईट म्हणजे ते एररही देत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीने मुकाट्याने मान डोलावली आणि दुसरीने आहे तिथेच झाडू मारायला घेतला. वाचलो ते एवढ्यासाठीच की तिथल्या बहुतेक फाइलींची मालकी विंडोजच्याच 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' खात्याकडे असते आणि ॲडमिनलाही त्या सहज पुसता येत नाहीत. कंट्रोल-सी दाबून ते थांबवलं, विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारं 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ' चालवलं आणि ते संपेपर्यंत समोर आलेला चहा तसाच ठेवला.

तेव्हापासून पुसणाऱ्या कमांडला मी फोल्डरचा पूर्ण पत्ताच देतो, तोही अवतरणचिन्हांत. कारण फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की बॅच फाइल एका पत्त्याचे दोन पत्ते करते. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या स्क्रिप्टभाषेत पुसणाऱ्या 'रिमूव्ह-आयटम'च्या मागे 'व्हॉटइफ' लावलं की काय जाईल ते नुसतं दिसतं, जात काही नाही. फाइली कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी कमांडमध्ये हेच काम 'स्लॅश एल' करतो. या दोन गोष्टींना फार तर मिनिटभर लागतं.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा पत्ता धरणारं व्हेरिएबल रिकामं राहिलं, त्यामुळे पुसणारी 'आरएम' कमांड थेट मुळापासून पुसत सुटली आणि लोकांच्या स्वतःच्या फाइली गेल्या. अशा ठिकाणी, न ठरवलेलं व्हेरिएबल दिसताच स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट उणे यू' पुरत नाही, कारण व्हेरिएबल असतं, फक्त रिकामं असतं. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे रिकामं निघाल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कोणाच्या नावाने?

"हाताने चालवली की चालते, टास्क शेड्यूलरमध्ये टाकली की नाही." टास्क शेड्यूलर म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय. ही तक्रार आली की मी आधी स्क्रिप्टमध्ये 'झेड ड्राइव्ह' शोधतो. बहुतेक वेळा सापडतो. मॅप केलेला, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला अक्षर देऊन बनवलेला, ड्राइव्ह त्या त्या लॉगिनपुरता असतो. युजर लॉगिन नसताना शेड्यूलर काम करतो तेव्हा झेड नावाचं काही नसतंच. ॲडमिन खिडकीतूनही तो बऱ्याचदा दिसत नाही. सर्व्हर आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव घालून पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा.

परवानगी कमी पडते म्हणून स्क्रिप्टमध्येच ॲडमिनचा पासवर्ड लिहून ठेवणं म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. बॅच फाइल नोटपॅडमध्ये कोणीही उघडतं.

किती वाजता?

आमच्याकडे नवीन आलेला मुलगा एकदा म्हणाला, "दादा, ही दुपारी गुण्यागोविंदाने चालते, सकाळीच रुसते." त्याने बॅकअपच्या फाइलला वेळेवरून नाव दिलं होतं. बॅच फाइलमधला 'टाइम' सकाळी १० च्या आधी तासाच्या आकड्याआधी शून्य न घालता मोकळी जागा सोडतो. ९ वाजताचं नाव त्या जागेपाशी तुटायचं, १० नंतर सगळं आलबेल. 'डेट'चंही तसंच. विंडोजच्या रीजन सेटिंगप्रमाणे त्याचं रूप बदलतं, आणि अमेरिकन सेटिंग असेल तर तारखेत तिरकी रेघ येते, जी फाइलच्या नावात चालत नाही. पॉवरशेलच्या 'गेट-डेट'कडून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं स्वतः सांगून घ्या. फाइलीही ओळीने लागतात.

आता खास पुण्याची अडचण. पेठेतल्या एका दुकानाचा बॅकअप मी दुपारी २ ला लावला होता, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसतं. तेव्हा दुकानही नसतं. १ वाजता काका मेन स्विच बंद करून घरी जेवायला, आणि ४ वाजेपर्यंत कॉम्प्युटर गार. आठवड्याचं मोठं काम गुरुवारी दुपारी लावलं तर दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याची शक्यता ठरलेलीच. टास्क शेड्यूलरमध्ये हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर शक्य तितक्या लवकर करण्याचा पर्याय आहे, पण ती खूण आपल्याला करावी लागते. मी ती केली आणि बॅकअपही साडेबाराला आणला.

तरी काकांचा फोन आलाच. "अहो, रोज तुमचा मेल येतो, बॅकअप फेल म्हणून. डिस्कवर तर सगळं दिसतंय." चूक माझी होती. बॅकअप रोबोकॉपीने होतो आणि काम संपताना ती एक कोड देते; तो शून्य सोडून काहीही आला की बोंब मारायची असं मी लिहिलं होतं. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. खरं अपयश ८ पासून पुढे. उलट पॉवरशेलमध्ये 'सायलेंटलीकंटिन्यू' लावून एरर गिळणारे भेटतात, त्यांचा बॅकअप कधीच फेल होत नाही, फक्त झालेला नसतो. एरर पकडायला 'ट्राय-कॅच' लिहून निर्धास्त राहणाऱ्यांनीही कमांडमागे 'एररॲक्शन स्टॉप' लावावं, नाहीतर बऱ्याच एरर 'कॅच'पर्यंत पोचतच नाहीत. आणि रोबोकॉपीचा 'मिर' (नक्कल मुळासारखीच ठेवणारा पर्याय) वापरत असाल तर मूळ फोल्डर रिकामं नाही ना, हे आधी तपासा. रिकाम्याची हुबेहूब नक्कल रिकामीच होते.

मेल बंद करून मी स्क्रीनवर मराठीत संदेश दाखवायचं ठरवलं, तर चौकोन आणि भलतीच अक्षरं उमटली. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ 'बॉम' (फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण) नसलेली यूटीएफ-८ फाइल अक्षरं साठवण्याच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे जुन्या एन्कोडिंगने वाचतं. फाइल सेव्ह करताना नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडलं की काम होतं. जुन्या काळ्या खिडकीत देवनागरी तरीही नीट उमटत नाही, म्हणून मेसेज बॉक्स वापरला. आता पाऊणच्या सुमारास काकांच्या स्क्रीनवर येतं: "बॅकअप झाला. मेन स्विच बंद करायला हरकत नाही."