सी मेजर प्रिल्यूड बसवायला घेण्याआधी

बाखचा सी मेजर प्रिल्यूड (पियानोवर वाजवायची छोटी रचना), म्हणजे ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या त्याच्या संग्रहाच्या १७२२ सालच्या पहिल्या भागातला अगदी पहिला. दिसायला सोपा, म्हणून तयारी न करता बसवायला घेतला जातो आणि ऐन कार्यक्रमात उघडा पडतो. मागच्या वेळच्या तयारीच्या यादीत डावा हात राहून गेला होता. तेव्हा आता क्रमाने चला.

आधी प्रत तपासा. बार (उभ्या रेघांमधले खण) मोजा, ३५ भरले पाहिजेत. ३६ भरले तर २२ आणि २३च्या मध्ये श्वेंके नावाच्या संगीतकाराचा जादा बार घुसलेला आहे. मुळात बास (सगळ्यात खालचा स्वर) एफ शार्पवरून थेट ए फ्लॅटवर जातो आणि मगच जी या स्वरावर उतरतो. जादा बारात तो आधीच जीवर टेकतो आणि सगळा ताण निघून जातो. याच प्रिल्यूडवर बेतलेल्या गूनोच्या ‘आवे मारिया’ गीतात हाच बार आहे, त्यामुळे ते ऐकून कान तयार झाला असेल तर जास्त सांभाळा. प्रतीत आवाजाच्या आणि वेगाच्या खुणा असतील तर त्या संपादकाच्या, बाखच्या नाहीत.

पेन्सिल, खोडरबर, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र). ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल. सगळ्यात खालचा सी त्याच्या डाव्या टोकाला बरोबर मिळतो.

आता डावा हात. मागच्या वेळी यादीत नेमका हाच नव्हता, म्हणून शांतपणे वाचा. अर्ध्या बारात आठ सोळांश स्वर (प्रत्येक बारचा सोळावा भाग, त्यालाच इथे एक मात्रा म्हणू). पहिले दोन डाव्या हाताचे, पुढचे सहा उजव्याचे. पण डावे दोन वाजवून सोडायचे नाहीत. पहिला आठही मात्रा धरायचा आणि दुसरा आला की उरलेल्या सात मात्रा तोही धरायचा. हे छापलेलं आहे, मिनिम (अर्धा बार धरायच्या स्वराची खूण) आणि टाय (स्वर पुढे धरून ठेवायची कमान) डोळ्यांसमोर असतात, तरी सोळांशांच्या रांगेत नजर त्यांच्यावरून घसरते. पेडल (पायाने दाबायचं, स्वर लांबवणारं) दाबलेलं असलं की बोट उचललेलं कळतही नाही. घरी सगळं भरलेलं ऐकू येतं. मग हॉलमधला पियानो जास्त गुंजतो, पेडल कमी करावं लागतं आणि खालचा आधारच नाहीसा होतो. म्हणून सुरुवातीचे सगळे दिवस पेडल बंद. पाय मागे ठेवा.

खात्री करायची तर आठवा बार घ्या. डाव्या हातात बी आणि सी, शेजारशेजारच्या पट्ट्या. दोन्ही दाबून धरल्या तर त्यांचं घासणं ऐकू येतं आणि त्या घासण्यासाठीच तो बार आहे. बी सुटला की उरते नुसती गोड कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). सोळाव्या बारात ई आणि एफचं तेच. दोन्हीकडे थांबून बोटांकडे बघा: दोन्ही पट्ट्या खाली आहेत का?

उजव्या हातासाठी प्रत्येक बार आधी एकदम कॉर्ड म्हणून दाबा, एकामागून एक, पहिल्यापासून बत्तिसाव्यापर्यंत. हात कुठे सरकतो आणि कोणतं बोट जागेवर राहतं हे यातच कळतं. बोटांचे आकडे तेव्हाच लिहा आणि रोज बदलू नका. (कॉर्ड दाबतानासुद्धा डावा हात धरलेला. हो, तेव्हाही.)

शेवटचे तीन बार आधी बसवा. बत्तीस बार एकच आकृती चालते, हाताला तिची सवय लागते आणि ३३व्या बारात ती मोडते. तिथे उजवा हात लांब वर चढून खाली येतो आणि डाव्यात खालचा सी पूर्ण बार धरायचा असतो. सगळ्यात जास्त विसर इथेच पडतो, कारण सगळं लक्ष उजवीकडे असतं. ३४व्यात वर बी येतो तरी सी सोडायचा नाही.

२४ ते ३१ बास जीवरच उभा आहे. तिथे घाई करू नका, वरचे स्वर बदलताना ऐका.

वेग: कॉर्ड बदललेली कानाला कळेल एवढाच. पाठांतर कॉर्डच्या क्रमाने करा, बोटांच्या सवयीने नाही. मध्येच अडकलात तर सवय पुढचं सांगत नाही.

पेडल अगदी शेवटी, थोडं, कॉर्ड बदलली की बदलायचं. पेडल आलं म्हणून बोटं उचलायची नाहीत.

आदल्या दिवशी एकदा हळू, पेडलशिवाय, बस. कार्यक्रमाच्या ठिकाणी लवकर जा, खुर्ची आणि पेडल बघून घ्या, आठवा बार एकदा वाजवा. नखं कापलेली. प्रत सोबत.