हायस्कूलचे आकडे वाचताना

अमेरिकेतल्या शहरातलं पब्लिक हायस्कूल निवडायचं होतं तेव्हा ‘सोळा मुलांमागे एक शिक्षक’ हे वाचून मी निर्धास्त झाले होते. पहिल्याच आठवड्यात लेक घरी आली ती तक्रार घेऊनच: केमिस्ट्रीला चौतीस जण आणि प्रयोगाच्या एका बेसिनपाशी चौघं.

दोन्ही आकडे खरेच होते. त्या गुणोत्तरात स्पेशल एज्युकेशनचे आणि ईएसएलचे (इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणारे) शिक्षकही धरतात. त्यांचे वर्ग लहान असतात, असायलाच हवेत. म्हणून एनसीईएसच्या, म्हणजे शिक्षणाची आकडेवारी ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, साइटवर शाळा शोधा, आकडे कोणत्या वर्षाचे ते बघा आणि मग सरळ शाळेत फोन लावा. नववीच्या गणिताला, सायन्सला एका वर्गात किती मुलं बसतात? एवढंच विचारा, सांगतात.

वंशाच्या तक्त्यात ‘एशियन’ या एकाच रकान्यात आपण, चिनी, व्हिएतनामी, ह्मोंग सगळे येतो. त्यावरून कुणाला काय लागतं ते कळत नाही. त्यापेक्षा इंग्लिश लर्नर किती आणि त्यांच्यासाठी शिक्षक किती, हे बघा. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शाळेनं मदत केलीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं १९७४ मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितलंय.

शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांच्या आकड्यावरून आपली बरीच मंडळी शाळेवर काट मारतात. तसं करू नका, कळकळीनं सांगते. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत. पण सरकारी मदतयोजनांमधून थेट पात्र ठरलेली मुलं २५ टक्के असली, तरी शाळा सगळ्यांनाच फुकट जेवू घालू शकते. २०२३ पर्यंत ही अट ४० टक्के होती. त्यामुळे कुठे ‘१०० टक्के’ दिसलं, तर तिथलं प्रत्येक घर गरीब असतं असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, काउन्सेलर, म्हणजे विषय आणि कॉलेज निवडायला मुलांना मदत करणारे. त्यांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे. शाळा बघायला जाल तेव्हा त्यांच्या दारावरचा कागद वाचा. लेकीच्या शाळेत एका दारावर ‘आडनावं ए ते एल’ होतं. शेजारच्या दारावरचं नाव खोडलेलं होतं, आणि एमपासूनची मुलंही पहिल्याच दाराबाहेर उभी होती. जागा किती दिवस रिकामी आहे, हे तिथेच विचारा. कुठल्या विषयाला कायम शिक्षक नसून सब्स्टिट्यूट चालू आहे, हेही.