देशी झुडूप लावण्यापूर्वी पिशवीतले मूळ पाहा : अवर्षणप्रवण भागासाठी पावसाळी सल्ला

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, आष्टी अशा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात बांधावर, मुरमाड पडीक रानात आणि घरापुढच्या बागेत देशी झुडपे, गवते व रानफुले लावण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु या लागवडींचे एक दुखणे आमच्या पाहण्यात वारंवार येते. रोपे पावसाळाभर हिरवीगार असतात, थंडीतही तग धरतात आणि चैत्र-वैशाखात एकाएकी वाळून जातात. दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात वाळलेले रोप ओढून पाहिले, तर पिशवीच्याच आकाराचा मातीचा गोळा हातात येतो आणि त्याच्या तळाशी मुळाचे वेटोळे पडलेले दिसते. पावसाळा आणि हिवाळा जमिनीत काढूनही ते मूळ त्या गोळ्याबाहेर गेलेले नसते.

कोरड्या रानातील झाडे-झुडपे टिकतात ती सोटमुळाच्या, म्हणजे सरळ खाली जाणाऱ्या मुख्य मुळाच्या जोरावर. तरवड, बोराटी, नेपती, आपटा, हिवर यांचे बी रुजले की शेंडा जेमतेम बोटभर असतानाच मूळ खोल जाऊ लागते. तेच बी पिशवीत रुजवले, तर मूळ काही आठवड्यांतच तळाला लागते आणि खाली वाट नसल्यामुळे गोल फिरू लागते. हे वेटोळे एकदा लाकडासारखे टणक झाले की पुढे चांगली जमीन मिळाली तरी सरळ होत नाही. रोप जितके जुने आणि उंच, तितके वेटोळे घट्ट असते. म्हणून रोपवाटिकेत चार-पाच फुटी रोप दाखवून त्याचे जास्त पैसे मागितले, तर ते घेऊ नये. वीतभर उंचीचे, दोन-तीन महिन्यांचे, बुंध्याशी सरळ असलेले रोप कोरड्या रानासाठी केव्हाही चांगले. घेण्यापूर्वी पिशवी उचलून तळाची भोके पाहावीत. त्यांतून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत रुतलेले असेल, तर ते रोप तेथेच ठेवावे. आतून उभ्या कडा असलेल्या, तळाला उघड्या साच्यांत वाढवलेली रोपे मिळाल्यास ती आधी घ्यावीत, कारण त्या कडांमुळे मूळ खाली वळते आणि तळाशी हवा लागून त्याचे टोक आपोआप थांबते.

लावताना पिशवी पूर्ण काढावी. केवळ तळ फाडून पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते आणि सर्वाधिक नुकसान तिच्यामुळेच होते. पिशवी काढल्यावर गोळ्याच्या तळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर धारदार पात्याने सरळ कापून टाकावा आणि बाजूंवर तीन-चार ठिकाणी वरून खाली उभ्या चिरा द्याव्यात. मूळ कापले तर रोप मरेल ही भीती अनेकांना वाटते, परंतु ढगाळ हवेत आणि ओल्या जमिनीत कोवळे रोप हा काप सहज सोसते, तर गुंडाळलेले मूळ तसेच राहिल्यास पहिला उन्हाळाही निघत नाही. सोटमूळच जाड होऊन दोन-तीन वेढे फिरलेले असेल, तर ते रोप लावण्यात वेळ घालवू नये.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जागेवरच बी टोकणे. सुधारित बोराची लागवड करताना कोरडवाहू भागात आधी रानबोराची आठळी शेतातच लावून, रोप जमिनीत मुरल्यावर त्यावर डोळा भरण्याची, म्हणजे सुधारित जातीची कळी बसवण्याची शिफारस आहे आणि तिचे कारण हेच सोटमूळ आहे. तरवडाचे बी कठीण कवचाचे असते. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी फुगलेले बी एक ते दोन सेंटिमीटर खोल टोकावे. न फुगलेल्या बियांना पुन्हा तीच प्रक्रिया द्यावी. प्रत्येक जागी तीन-चार बिया टोकून पुढे एकच जोमदार रोप राखावे. आमचा अंदाज असा की टोकलेले तरवड पहिल्या वर्षी पिशवीतल्या रोपापेक्षा ठेंगणे दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या पुढे जाते.

वेळेबाबत हयगय चालणार नाही. वळवाच्या एका सरीवर लागवड करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की वाफसा, म्हणजे चिखल न होता काम करता येईल इतकी ओल, पाहून लगेच हात घालावा आणि काम जुलैच्या मध्यापर्यंत संपवावे. या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची लांबलचक उघडीप पडते आणि मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. आर्द्रा-पुनर्वसू नक्षत्रांत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, लावलेल्या रोपाचे मूळ उघडिपीपूर्वी ओलीच्या मागोमाग खाली गेलेले असते. सप्टेंबरच्या पावसावर विसंबून उशिरा लावलेल्या रोपाला मात्र उन्हाळ्याआधी मूळ उतरवण्यास पुरेसे दिवसच मिळत नाहीत.

नेहमीची कामे :
– एप्रिल-मे : झुडपांसाठी ३० × ३० × ३० सेंमी, बोरासाठी ६० × ६० × ६० सेंमी खड्डे, उन्हात तापू देणे.
– पहिल्या पावसानंतर : काढलेल्या मातीनेच खड्डे भरणे, मूठभर निंबोळी पेंड, थोडे कुजलेले शेणखत.
– उतारावर : रोपाच्या खालच्या अंगाला अर्धगोल आळे.
– लागवडीनंतर : बुंध्यापासून चार बोटे सोडून दगडगोट्यांचे किंवा पाल्याचे आच्छादन.
– पहिली दोन वर्षे : काट्यांचे कुंपण, चराईबंदी.

खड्ड्यात काय भरावे याविषयी दुकानदारांचे सल्ले ऐकून बराच खर्च होतो. मुरमात खड्डा घेऊन त्यात विकतची काळी माती, मिश्रखत आणि पाणी धरून ठेवणारे जेल भरले, तर मुळाला खड्ड्यातच सारे मिळते आणि ते मुरमात शिरत नाही. पिशवी काढून आपण दुसरी मोठी पिशवी जमिनीत पुरतो, एवढाच त्याचा अर्थ. मुळांसाठी म्हणून विकली जाणारी संजीवके, बाटलीतले टॉनिक आणि डीएपी हे रासायनिक खत यांपैकी कशाचीही या झुडपांना गरज नाही. वरखताचा पहिला लाभ गाजर गवत उचलते.

गवतांचे बी बारीक व हलके असल्याने ते खोल पडले की उगवत नाही. अंजन गवताचे बी हेक्टरी ४ ते ६ किलो, ५० सेंटिमीटरच्या ओळींत, एक सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता पेरावे. ताजे बी सुप्तावस्थेत असते, म्हणून मागील हंगामाचे बी वापरावे. लोकरी बी वाऱ्याने उडते. त्यासाठी एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू कालवून लहान गोळ्या कराव्यात. हलक्या मुरमाड उतारावर पवन्या आणि डोंगरी गवत घ्यावे, मध्यम ते भारी जमिनीत मारवेल घ्यावा. मारवेलची लागवड मुळासकट ठोंबांनी, म्हणजे जुन्या गवताच्या फोडलेल्या तुकड्यांनी होते आणि येथेही तीच चूक दिसते. उथळ खाचेत ठोंब दाबल्याने मुळे वर वळतात, म्हणून लांब मुळे छाटून ती सरळ खाली राहतील एवढी खाच घ्यावी. कुसळी हे गवत आपोआप येते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत घुसतात, त्यामुळे कुसळे धरण्यापूर्वीच ती कापावी.

रानफुलांमध्ये पिवळी कोरांटी, विष्णुक्रांता, कुंभा आणि कुरडू ही मुरमाड जागी बिनखर्चाने टिकतात. शेजारच्या माळावरचे पिकलेले बी थोडे थोडे गोळा करून आणावे. कळलावी देखणी असली तरी तिचा कंद अत्यंत विषारी आहे, म्हणून मुले व जनावरे फिरतात तेथे ती लावू नये. रानफुलांचे मिश्रण म्हणून मिळणाऱ्या रंगीत पाकिटांत बहुधा कॉसमॉस आणि झिनिया असतात. ती दोन्ही परदेशी असून कॉसमॉस तर बागेबाहेर माळावर पसरतो.

गाजर गवत मात्र फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटलेच पाहिजे. एकदा बी पडले की पुढील काही वर्षे तीच खुरपणी करत राहावी लागते. तरवडावर ऑगस्टमध्ये हिरव्या अळ्या दिसल्या की लगेच कीटकनाशक सुचवले जाते. त्या बहुधा पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात आणि पाने खाल्ली तरी झुडूप पुन्हा फुटते, म्हणून फवारणी करू नये. अगदी लहान रोपाचा शेंडाच जात असेल, तर अळ्या वेचून मोठ्या झुडपावर सोडाव्यात. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळी पावडरीचा अर्क, रोपवाटिकेतल्या मावा-तुडतुड्यांपुरता ठेवावा.

देशी झाडाला पाणी लागत नाही हे मूळ खाली गेल्यानंतरचे बोलणे आहे. पावसाची उघडीप दहा-बारा दिवसांपेक्षा लांबली, तर रोपामागे पाच-सात लिटर पाणी एकदाच, सावकाश मुरेल असे द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. पाणी बुंध्याशी न ओतता हातभर अंतरावर द्यावे, म्हणजे मूळ गोळ्याबाहेर पडते, असा अनुभव आहे. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा ते वीस दिवसांनी असेच पाणी पुरते.

यंदा पिशवीतली रोपे लावणाऱ्यांनी लागवडीच्याच दिवशी प्रत्येक रोपाशेजारी हातभर अंतरावर त्याच जातीच्या दोन बिया टोकून ठेवाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून हलवून पाहावा. बुंध्यासोबत भोवतालची माती गोळ्यासारखी हलत असेल, तर त्या रोपावर पाणी खर्च करणे थांबवून शेजारी उगवलेले रोप राखावे.